काहीच न वाटण्याचा हिवाळा

डिसेंबर अर्धा सरला की एखाद्या सकाळी खिडकी उघडावी आणि समोरची इमारत जागेवर नसावी, असं ग्वाल्हेरला दरवर्षी होतं. कोहरा उतरलेला असतो. धुकं हा शब्द आम्ही पुण्याकडच्या पाहुण्यांसमोर वापरतो. एरवी इथल्या मराठी घरांतही तो कोहराच. लष्कर भागातल्या गल्ल्यांमध्ये गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत वडी, कुटण्याचा धप्प धप्प आवाज सुरू होतो, भाजलेल्या तिळाचा वास दमट हवेत जमिनीलगत रेंगाळतो, टेम्पोवाले दिवसाढवळ्या दिवे लावून हळूहळू जातात. मी सिटी सेंटरमधल्या बँकेत नोकरी करते. स्कूटीवरून तिथे पोचेपर्यंत हातमोज्यांच्या आत माझी बोटं पांढरी पडतात. आधी करंगळी, मग तिच्या शेजारची. पाच-सात मिनिटं त्यांना स्पर्श कळत नाही. टेबलाशी बसून मी ती एकमेकांत घासते, आणि मला सतराव्या वर्षीचा हिवाळा आठवतो.

त्या हिवाळ्याबद्दल लिहिण्यात एक अडचण आहे. काय झालं ते सगळं मला आठवतं, अगदी कोणी कोणता स्वेटर घातला होता इथपर्यंत. काय वाटलं ते मात्र कुठेच सापडत नाही. मी शोधून पाहिलं आहे. माझ्याच आयुष्यातले चार-पाच महिने मी शेजारणीच्या मुलीचे सांगावेत तसे सांगू शकते.

बारावीचं वर्ष होतं. लष्करमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचं घर, आई, बाबा आणि मी. आमचे पूर्वज म्हणे दरबारात कारकून होते. बाबा सरकारी दफ्तरात कारकून. बाबा म्हणायचे, "राज्य गेलं, पण आमची खुर्ची काही बदलली नाही." आई घरातून डबे करायची. भिंड-मुरैन्याहून शिकायला आलेल्या, भाड्याच्या खोल्यांमध्ये राहणाऱ्या मुलींसाठी. आईच्या हातची आमटी त्या मुलींना नवीन होती, पण महिन्याभरात त्या "आंटी, वो खट्टी-मीठी दाल" मागायला लागायच्या.

ऑगस्टमध्ये मला टायफॉइड झाला. तो मला बारीक करून गेला आणि गणपतीत लोक भेटले. आत्याने हनुवटी धरून म्हटलं, "बघ, आता कशी नाकीडोळी नीटस दिसतेस." आई शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "हो ना, छान दिसते आता." एवढंच झालं. टायफॉइड कितीतरी मुलींना होतो आणि असं वाक्य त्याहून जास्त मुलींना ऐकायला मिळतं. त्या सगळ्या आजारी पडत नाहीत. मी का पडले, हे मला आजही पूर्णपणे कळलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, एक कारण शोधू नकोस, बरीच कारणं एका दाराशी एकदम येऊन थांबतात. मला एवढंच आठवतं की त्या वर्षी अभ्यास संपतच नव्हता. कितीही केला तरी पुढे उरायचाच. आणि न खाणं मात्र रोज संध्याकाळपर्यंत पूर्ण व्हायचं. त्यात मी पहिली येत होते.

मी तेव्हा स्वतःसाठी जे नियम केले होते ते इथे लिहिणार नाही. वजनाचा आकडाही लिहिणार नाही. त्या दिवसांत असे लेख मी त्या आकड्यांसाठीच वाचायचे, आणि कुणीतरी आजही वाचत असेल.

सकाळी आईबरोबर मी डबे भरायचे. भात दाबून नाही, मोकळा, भाजीवर तेलाचा तवंग आला तर चमच्याने सारखी करायची, पोळ्या कागदात. लाडात आले की मी आईलाच ताई म्हणायचे, "ताई, यांना लोणचं नको, त्यांना दोन द्या." आईला वाटायचं, पोरगी परीक्षेच्या वर्षातही मदत करते. शेजारीपाजारी कौतुक करायचे. दुसऱ्यांनी पोटभर खावं असं मला फार वाटायचं. कुणी डब्यात काही उरवलं तर मी बेचैन व्हायचे. हेही आजारातच होतं, हे नंतर कळलं. माझा स्वतःचा डबा मी हसत घेऊन जायचे आणि रिकामा आणायचे. तो कुठे रिकामा व्हायचा, ते आईने विचारलं नाही. कशाला विचारेल?

जानेवारीत ग्वाल्हेरची माणसं छतावर राहायला जातात. चटया, रजया, म्हाताऱ्यांच्या खुर्च्या, सगळं उन्हात. बायका घोळक्याने मटार सोलत बसतात. दाण्यांचा पाऊस पातेल्यात पडतो आणि कुणाच्या तरी सुनेची गोष्ट निघते. मी दोन स्वेटर आणि वर बाबांची जुनी जर्किन घालून त्यांच्यात बसायचे. ऊन अंगावर पडलेलं दिसायचं, लागायचं नाही. एक दिवस आईने तिथेच माझ्या केसांना तेल लावायला घेतलं. तिचा हात डोक्यावर फिरत होता आणि मध्येच थांबला. मी वळून पाहिलं, तर ती आपल्या बोटांकडे बघत होती. त्यांच्यावर केसांचं वेटोळं होतं. तिने ते मुठीत बंद केलं. मग माझी बाही सारून दंडावर आलेली बारीक लव पाहिली.

"हे काय गं?"

"थंडीमुळे."

"आणि पाळी? आली होती का या महिन्यात?"

"हो," मी म्हटलं. ती ऑक्टोबरपासून आली नव्हती.

खोटं बोलताना मला काही वाटलं नाही. पलीकडच्या छतावर कुणीतरी पतंग सोडवत होतं, त्याच्याकडे मी बघत राहिले.

मग घरातल्या घरात निदानं सुरू झाली. समोरच्या काकूंनी नजर काढली. आत्या फोनवर म्हणाली, "नखरे आहेत, वहिनी. उपाशी ठेव दोन दिवस, आपोआप मागेल." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी कावीळ तपासली, थायरॉइड तपासला, रिपोर्ट पाहून म्हणाले, "सब नॉर्मल है. इम्तिहान का टेंशन है, टॉनिक लिख देता हूँ." टॉनिकची बाटली फ्रिजवर उभी राहिली.

बाबा कधी आवाज चढवत नाहीत. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी माझ्या ताटातली पोळी उचलली, तुकडा मोडला, त्यात भाजी घेतली आणि माझ्या तोंडापुढे धरला, मी दोन वर्षांची असल्यासारखा. मी मान फिरवली. "खा," ते म्हणाले. मग मोठ्याने, "अगं खा! खा ना! काय कमी केलंय आम्ही तुला?" तुकड्यातली भाजी सतरंजीवर सांडली. आई रडायला लागली. मी पोळीवरचे करपलेले ठिपके मोजत होते. अकरा होते. एवढ्या वर्षांत मला त्या संध्याकाळइतकी लाज दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. पण ती नंतर वाटली. त्या वेळी फक्त अकरा ठिपके होते.

खरं बाहेर आलं ते माझी मैत्रीण शिवानीमुळे. ती एका दुपारी नोट्स न्यायला आली. आईने तिला गरम पोहे दिले. दोन घास खाऊन तिने प्लेट खाली ठेवली आणि म्हणाली, "आंटी, एक बात बोलूँ? ये अपना टिफ़िन खोलती ही नहीं है. पूरा मुझे दे देती है. मैंने दो-तीन महीने खाया, मुझे लगा इसे पसंद नहीं. पर अब मुझे डर लगता है."

आई म्हणाली, "दो-तीन महीने?"

शिवानी रडायला लागली. "सॉरी, आंटी."

मी तिच्याशी बोलणं टाकलं. गद्दार म्हणाले तिला, तिच्या तोंडावर. माझ्यासाठी त्या हिवाळ्यात सगळ्यात धाडसाचं काम कुणी केलं असेल तर ते तिने, अर्धे पोहे टाकून.

त्यानंतर चार दिवसांनी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. आई नको म्हणत असताना मी गेले. ब्युरेटची चावी फिरवून थेंब थेंब सोडायचं आणि रंग फिकट गुलाबी झाला की थांबायचं. हे मला डोळे मिटून येत होतं. पण बोटं पांढरी झालेली, चावी हाताला कळेना. मी ती फिरवली असं मला वाटत होतं आणि ती फिरत नव्हती. मग एकदम जास्त फिरली आणि सगळं द्रावण गडद गुलाबी झालं. मॅडम म्हणाल्या, "कोई बात नहीं, बेटा, दोबारा कर लो." मी "जी" म्हटलं. पुढचं आठवतं ते छत, आणि छताला लटकलेला, हिवाळ्यामुळे बंद असलेला पंखा.

हॉस्पिटलमध्ये नर्सला शीर सापडेना. छातीला गार टिकल्या लावून कागदाची पट्टी काढली गेली. तरुण डॉक्टरने ती पट्टी दोनदा पाहिली, मग बाबांना म्हणाला की हृदय फार संथ चाललंय, भरती करायला लागेल, आणि मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडमना बोलावतो.

बाबा म्हणाले, "दिमाग़ की डॉक्टर? डॉक्टर साहब, हमारी लड़की पढ़ने में बहुत तेज़ है."

"तेज़ बच्चों को भी होता है, अंकल," तो म्हणाला.

डॉक्टर मॅडम पन्नाशीच्या, खांद्यावर करड्या रंगाची शाल, आवाज अगदी साधा. त्या खुर्ची ओढून माझ्या नाही, आईच्या समोर बसल्या. आजाराचं नाव सांगितलं. अ‍ॅनोरेक्सिया. आईने ते नाव पुन्हा उच्चारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं.

"पर ये तो अमीरों की बीमारी है ना, मॅडम?" आई म्हणाली. "टीव्हीवाल्यों की. मेरे घर में कैसे? बीस लड़कियाँ मेरे हाथ का खाती हैं."

"किसी के भी घर में हो सकती है. आपके खाने में कोई कमी नहीं है. ये ज़िद भी नहीं है. ज़िद होती तो अब तक थक गई होती." मग त्या माझ्याकडे वळल्या. "भूख लगती है?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"लगती थी. तूने सुनना बंद किया, तो उसने बोलना बंद कर दिया. रोना आता है?"

मी विचार केला. नाही.

त्यांनी मला तेव्हा एक गोष्ट समजावली, ती मी आजवर जपून ठेवली आहे. शरीराला पुरेसं मिळालं नाही की ते काटकसर करतं. केस थांबवतं, पाळी थांबवतं, हातापायांची ऊब काढून घेतं. शेवटी हसणं-रडणंही थांबवतं, कारण त्यासाठीही ताकद लागतेच. "तुझे जो कुछ महसूस नहीं होता ना, वो तेरा स्वभाव नहीं है, बेटा. वो भी भूख ही है."

मी ऐकलं. तेव्हाही काही वाटलं नाही.

नऊ दिवस हॉस्पिटलात होते. तिथे अन्न औषधासारखं, थोडं थोडं, रक्त तपासत वाढवायचे. एकदम दिलं तर तेही धोक्याचं, असं सांगितलं होतं. वजन करताना मला काट्याकडे पाठ करून उभं करत. दरम्यान बाबा शाळेत जाऊन आले. कॉटच्या कडेला बसून, हातातल्या मफलरची घडी करत म्हणाले, "यंदा परीक्षा नाही देणार आपण. मी लिहून दिलंय."

ज्या परीक्षेसाठी मी दोन वर्षं अंधुक उजेडात उठत होते, ती गेली. "बरं," मी म्हटलं.

घरी आल्यावर दिवसाचे सहा भाग झाले. सकाळचं, मधलं, दुपारचं, चारचं, रात्रीचं, झोपण्याआधीचं दूध. प्रत्येक वेळी आई समोर बसायची. डबे तिने बंद केले होते. "मुलींना सुट्ट्या आहेत" असं मला सांगितलं आणि मी मानलं. बारा वर्षं चालवलेलं काम तिने माझ्या ताटासमोर बसायला सोडलं, हे मला खूप उशिरा समजलं. वरण-भाताच्या एका वाटीला पहिल्या आठवड्यात तास लागायचा. वरण गार व्हायचं, त्यावर साय धरायची, आई ते गरम करून आणायची. ती ओरडायची नाही. "पुढचा घास" एवढंच म्हणायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, मुलगी नुसती हट्ट धरून बसली आहे. आतून ते असं होतं की घास उचलताना हात विस्तवात घालायला सांगितल्यासारखी भीती वाटायची. हो, भीती. काहीच न वाटण्याच्या त्या महिन्यांत ही एकच गोष्ट जिवंत होती, आणि तीही फक्त ताटासमोर.

दुपारी बाबा जेवायच्या सुट्टीत घरी येऊ लागले. त्यांना काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून ते हिंदी पेपर उघडून माझ्यासाठी मराठीत वाचायचे. चालता चालता भाषांतर. बातम्या लवकर संपायच्या, मग टेंडर नोटिसा, मग हरवले-सापडले, मग उठावण्या, म्हणजे कोण गेलं आणि शोकसभा कधी ते. "बिड़ला नगरच्या श्रीमती अमुक यांचं दुःखद निधन झालं असून… घास घे… त्यांच्या मागे तीन सुना… घे गं… आणि, पडपोते म्हणजे काय म्हणतात आपल्यात? पणतू. चार पणतू." आई म्हणायची, "अहो, जेवताना मेलेली माणसं काय वाचता!" बाबा म्हणायचे, "मग काय वाचू? नगर निगमच्या नळाला पाणी येणार नाही ते वाचू?" मी हसले नाही. पण वाटी रिकामी व्हायची.

मी काही शहाण्या रुग्णासारखी वागले नाही. पोळीचे तुकडे बाहीत लपवले. धुवायला टाकलेल्या स्वेटरमधून ते आईच्या हातात आले. तिने ते ताटलीत मांडून माझ्यासमोर ठेवले, वाळलेले, कडक. "हे तू नाही केलंस," ती म्हणाली. "ते आजाराने केलं, मॅडम म्हणाल्यात. पण आता त्याच्याऐवजी ताजी पोळी तू खायची आहेस." आणि तवा ठेवला. लोक विचारतात, बरं व्हायचं कसं ठरवलंस? मी नाही ठरवलं. माझी तयारी नसताना मला बरं करायला घेतलं गेलं. तयारी मागाहून आली, बरीच मागाहून.

मार्चमध्ये कोहरा गेला, रजया धुवून छतावर वाळत पडल्या, आणि मला काहीतरी वाटायला लागलं. बधिर झालेला पाय जागा होताना आधी मुंग्या येतात, नको नको होतं, तसं ते होतं. सगळ्यात आधी आला राग. वर्गातल्या मुली पेपर द्यायला चालल्या होत्या, खालच्या रस्त्यावरून त्यांचे आवाज येत होते, आणि आई चारचा शिरा घेऊन आली. मी वाटी ढकलून दिली. "तू माझी आई नाहीस," मी किंचाळले. "पहारा देतेस नुसती! माझं वर्ष गेलं, सगळं गेलं, आणि तुला शिऱ्याचं पडलंय!"

आईने वाटी उचलून बाजूला ठेवली. मग तिथेच फरशीवर बसली आणि विचित्र गोष्ट, तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ओरडलीस," ती म्हणाली. "पाच महिन्यांनी ओरडलीस." आणि ते हसू पुरं व्हायच्या आत ती रडायला लागली. पदराने तोंड दाबून म्हणाली, "मी पण म्हटलं होतं गं. गणपतीत. आत्याच्या पाठोपाठ मी पण म्हटलं, छान दिसते. रोज झोपताना मला तेच ऐकू येतं."

तिच्याही मनात तेच वाक्य असेल, असं मला कधी सुचलंच नव्हतं. मी तिच्या शेजारी फरशीवर बसले. माझे खांदे दुखेपर्यंत मी रडले, आणि रडताना छाती दुखत होती, नाक वाहत होतं, गरम होत होतं. "तुझ्यामुळे नाही झालं, आई," मी म्हटलं. हे खरं की तिच्या समाधानासाठी, ते तेव्हा ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. खरं होतं.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या वर्षी बारावी दिली, बरे गुण मिळाले. शिवानीला पत्र लिहिलं, तीन ओळींचं. ती उत्तर न लिहिता थेट घरी आली. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी खाऊ नको म्हणणारा आजाराचा आवाज परत आला, तेच नियम. फरक इतकाच की या वेळी मी त्याला ओळखलं, स्वतः टेम्पोत बसून डॉक्टर मॅडमकडे गेले आणि म्हटलं, "फिर से आ गया." त्या म्हणाल्या, "अच्छा किया जो बता दिया. बैठ." अजूनही एखाद्या वाईट आठवड्यात तो दाराबाहेर खाकरतो. मी वेळेवर जेवते. भूक असो-नसो, मन असो-नसो, वेळेवर. इतर लोक ज्याला जेवण म्हणतात ते माझ्यासाठी बरीच वर्षं नुसतं वेळापत्रक होतं, आणि वेळापत्रकानेही माणूस जगतो.

एक गोष्ट मात्र फार हळू परत आली. मला काय आवडतं हेच मला माहीत नव्हतं. कुठल्या पदार्थात काय असतं ते तोंडपाठ, पण चवीला कसा लागतो ते कोरं. बारावीचा शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तेव्हा बाबा फाटकाशी उभे होते. "काय खाणार?" त्यांनी सहज विचारलं. मी तिथेच, गर्दीत, प्रश्न अभ्यासाबाहेरचा आल्यासारखी उभी राहिले. शेवटी म्हटलं, "माहीत नाही, बाबा." ते म्हणाले, "बरं. बघू एकेक करून."

एकेक करून चौदा वर्षं झाली. पेरू आवडतो, केळं नाही. साबुदाणा आवडत नाही, आणि हे मराठी घरात सांगायला धीर लागतो. गेल्या रविवारी आईकडे जेवायला गेले होते. बाहेर कोहरा इतका की दुपारी बाराला दिवा लावावा लागला. आईने चिंच-गुळातलं कारलं केलं होतं, बाबांसाठी. मी थोडं घेतलं. कडू, मग आंबट, मग गोड, मग परत कडू. मी हात पुढे केला आणि म्हटलं, "अजून वाढ."

डॉक्टर मॅडमनी आईला एक नियम घालून दिला होता, की मुलगी सावरली की तिच्या ताटाकडे टक लावून बघायचं नाही. तो ती अजून पाळते. मी जेवताना ती खिडकीकडे बघते, बाहेर काही दिसत नसलं तरी. आताही ती खिडकीकडेच बघत होती. न बघता तिने पळी भरली आणि अंदाजाने माझ्या ताटात वाढली. थोडं ताटाबाहेर पडलं.

"कारलं?" ती काचेकडे बघत म्हणाली. "तुला?"

"हो," मी म्हटलं. "मला."